गॅलरीतल्या शेवया

ज्याला डॉक्टरांनी नुकतंच ‘धान्य बंद’ असं सांगितलं आहे आणि जो घरी येऊन रिकाम्या ताटाकडे बघत बसला आहे, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांतलं मला कळत नाही. ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि माझं वाचून स्वतःच्या मनाने काही बंद किंवा चालू करू नका. मी काय खाल्लं, कुठे बसून खाल्लं आणि त्या काळात घरात किती वाईट वागलो, एवढंच माझ्याकडे सांगण्यासारखं आहे.

मी नालासोपारा पूर्वेला तुळिंजला राहतो. घरात आम्ही तिघं. मी, माझी बायको सुलभा आणि मुलगी गौरी, जी तेव्हा पाचवीत होती. सातिवलीच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. आलेल्या प्रत्येक ड्रमवरचं आणि गोणीवरचं लेबल वाचायचं, जुळलं तरच माल आत घ्यायचा, हे माझं काम. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं मी चारचौघांत सांगायचो. पुढचं वाचून हसायचं असेल तर हसा, माझी हरकत नाही.

पट्ट्याची भोकं

दुखणं नेमकं कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही. जेवलं की पोट फुगायचं. दिवसातून पाच-सहा वेळा संडासला पळावं लागायचं. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर दम लागायचा, तेव्हा मी वाकून चपलेचा अंगठा नीट करण्याचं नाटक करायचो. वर्षभरात पट्ट्याला चार नवी भोकं पाडली. चाळिशीतला माणूस बारीक होत चालला की लोक आधी त्याच्याकडे बघतात आणि मग त्याच्या बायकोकडे. सुलभाला बिल्डिंगमधल्या बायका तोंडावर विचारायच्या, “काय गं, जेवायला घालतेस ना त्यांना?” ती हसून वेळ मारून न्यायची. घरी आली की माझ्या ताटात आणखी एक चपाती वाढायची, तूप लावून. तिला तरी काय माहीत!

आमच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग शक्तीचं दिलं, मग हात टेकले. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात भरती झालो.

इस्पितळाचं एक वेगळंच घड्याळ असतं. पहाटे पाचला थर्मामीटर, सहाला चहा, सातला झाडूवाली, आठला नाश्ता, आणि मग कधीतरी डॉक्टर. सुलभा चार वाजता यायची आणि गौरी शेजाऱ्यांकडे असायची म्हणून सव्वापाचलाच निघायची. तिची पाठ दरवाजातून दिसेनाशी झाली की उरलेला दिवस माझा मलाच. घड्याळाकडे न बघता किती वेळ काढता येतो, याची मी स्वतःशीच पैज लावायचो आणि रोज हरायचो.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे शिंपीकाका होते. नाश्त्याला सगळ्यांना दूध, ब्रेडच्या दोन स्लाइस आणि एक केळं मिळायचं. काकांना केळं आवडत नव्हतं. ते रोज न विचारता आपलं केळं माझ्या ताटलीत टाकायचे आणि माझे ब्रेड उचलायचे. मला ब्रेड गेल्याचं दुःख नव्हतं, कारण तोंडाला चवच नव्हती.

दुर्बीण घालून झाली, रक्त देऊन झालं, आणि आठव्या दिवशी डॉक्टर खाटेच्या कडेला टेकले. डॉक्टर बसून बोलायला लागला की आपण घाबरायचं, एवढं मला तोवर कळलं होतं.

“तुम्हाला गहू सोसत नाही,” ते म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करतायत. कॅन्सर असेल, टीबी असेल, असं काय काय मनात धरून मी रात्री काढल्या होत्या, आणि हा माणूस गव्हाचं नाव घेत होता.

“किती दिवस बंद करायचा?”

“दिवस नाही. कायमचा. मैदा, रवा, पाव, बिस्किट, सगळं. चिमूटभरसुद्धा नाही.”

काकांनी त्या दिवशीचे ब्रेड अजून उचलले नव्हते. मी ताटलीकडे बोट दाखवलं. “मग हे ब्रेड?”

डॉक्टरांनी सिस्टरकडे असं काही बघितलं की ती ताटली पुढच्या क्षणी नाहीशी झाली. ते गेल्यावर काका उशीवरून मान वळवून म्हणाले, “म्हणजे आठ दिवस तुझा जीव मीच वाचवत होतो की रे!” मी खूप दिवसांनी पोट धरून हसलो, आणि हसता हसता रडलो. काकांनी भिंतीकडे तोंड केलं आणि झोपल्याचं सोंग घेतलं. त्याबद्दल मी त्यांचा अजून ऋणी आहे.

भातसुद्धा

घरी आल्यावर सुलभाने कंबर कसली. माझ्यासाठी तांदळाची भाकरी, वेगळा तवा, वेगळी परात. तिच्या आणि गौरीच्या चपात्या माझं जेवण झाल्यावर. पहिले पंधरा दिवस जरा बरं वाटलं. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दोन महिन्यांनी इस्पितळातल्या डॉक्टरांनी वजन केलं. अर्धा किलो कमीच भरलं. “पीठ कुठून दळून आणता?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाक्यावरच्या गिरणीतून. तिथे आमच्या आधी कोणाचं काय दळलेलं असतं? गहू. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग बराच विचार करून म्हणाले, “असं करू. काही महिने सगळंच धान्य बंद ठेवू. पीठ नाही, भात नाही. कंदमुळं, भाज्या, फळं, दूध, अंडी, मासे. आतडं एकदा शांत होऊ दे, मग एकेक परत आणू.”

मी देवगडकडचा. भात बंद म्हणजे जेवणच बंद. बाकी सगळं आमच्याकडे भाताला लावून खायचं असतं. डॉक्टर बोलत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे नुसता आमटीचा वाडगा येत होता.

बिल्डिंगीत बातमी पसरली ती वेगळीच. मी सदा न् कदा साबुदाणा, रताळी आणि बटाटे आणतो, तेव्हा नक्की जीवदानीला काहीतरी नवस बोललो असणार. खालचे सावंत मला जिन्यात हात जोडायचे. “भाऊ, तुमची कमाल आहे. आम्हाला संकष्टी एक जमत नाही.” पहिल्या दोन-तीन जणांना मी आजार समजावून सांगितला. गहू खाल्ल्याने माणूस आजारी पडतो हे कुणाला पटेना. सांगून सांगून कंटाळलो आणि मग भक्तच झालो. हळदीकुंकू, बारसं, साखरपुडा, कुठेच गेलो नाही. गेलं की लोक प्लेट घेऊन मागे लागतात, आणि नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो.

पण जिवाला लागलं ते शनिवारचं. शनिवारी माझी अर्धी सुट्टी आणि गौरीची सकाळची शाळा. सुलभा दुपारी शिवणाच्या क्लासला जायची. मग आम्ही बापलेक पाकिटातल्या नूडल्स करायचो आणि एकाच टोपातून दोन काट्यांनी खायचो, सुलभाला न सांगता. आजारपणानंतरच्या पहिल्या शनिवारी गौरीने टोप काढला, माझ्याकडे बघितलं आणि परत ठेवून दिला. म्हणाली, “मला भूक नाहीये, पप्पा.” दहा वर्षांच्या पोरीला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं.

ते मनात राहिलं होतं. सगळंच धान्य बंद झाल्यावर मी ठरवलं, नूडल्स मीच करणार. बिनधान्याच्या.

केळी

आमच्या गावाकडे शिरवाळे करतात. तांदळाच्या पिठाचे गोळे उकडायचे, गरम असतानाच साच्यातून दाबून शेवया पाडायच्या आणि नारळाच्या गोड रसात खायच्या. रीत मला ठाऊक होती, फक्त तांदूळ नव्हता.

रताळ्याच्या केल्या, त्या साच्यातून बाहेर येताच तुटल्या. अळकुड्यांचा सगळा चिकटा साच्यालाच बसला, तो मी सुईने काढत बसलो. सुरणाने घसा खवखवला. सुलभा दाराशी येऊन बघायची, “मी दाबून देऊ का साचा?” असं विचारायची. मी “नको” म्हणायचो. का नको म्हणायचो, ते पुढे येतंच.

तोडगा सांगितला तो भाजीबाजारात बसणाऱ्या मावशींनी. वसईकडच्या गावातून त्या टोपलीभर केळी आणि वाडीतली भाजी घेऊन यायच्या. गळ्यात क्रूस, अंगावर लाल लुगडं, आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. मी रोज कच्ची केळी नेतो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. एकदा विचारलंच, “काय करतं रे येवढ्या केल्यांचं?” मी सगळं सांगितलं. नवस नाही, आजार, हेसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कीव केली नाही आणि सल्ल्याचा डोंगरही रचला नाही.

“साल काडून उकडतं का?”

“हो.”

“मंग कशी व्हतील? सालीसकट उकड. पानी आत शिरलं का संपलं.”

एवढ्या एका वाक्याने माझं काम झालं. रीत सांगून ठेवतो. चार कच्ची केळी सालीसकट उकडा. वाटीभर साबुदाणा चार तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, मिक्सरवर वाटा. केळी सोलून गरम असतानाच किसा, त्यात साबुदाणा आणि मीठ घालून मळा. तेलाचा हात लावून मुटके वळा, चाळणीत वीस मिनिटं वाफवा, आणि चटका सोसवेल इतपत गरम असतानाच बारीक जाळीच्या साच्यातून ताटात दाबा. गार झाले की साच्यावर लोंबकळलात तरी उतरत नाहीत. वरून तेल, मोहरी, कढीपत्ता, मिरची, हिंग अशी फोडणी, भाजलेले दाणे आणि लिंबू.

पहिल्यांदा त्या न तुटता पडल्या तेव्हा मी टाळी वाजवली. शनिवार होता. एका टोपात घालून दोन काटे घेऊन गौरीसमोर बसलो. तिने दोन घास खाल्ले. सावकाश चावले.

“छान झाल्यात, पप्पा. पण मला आपल्या नेहमीच्या हव्यात.”

तिचं काही चुकलं नाही. लहान मुलीला केळ्याची चव नूडल्सची वाटावी, असं मला वाटत होतं, तेच चूक. उरलेला टोप मी गॅलरीत उभ्याने संपवला.

गॅलरी

पोट काही थांबेना. धान्य बंद करूनही महिन्यातले वीस दिवस तेच. डॉक्टर म्हणाले, “कुठून तरी पोटात जातंय. शोधा.” मी स्टोअरकीपर. शोधायचं म्हटलं की माझं डोकं एकाच दिशेला चालतं, माल आत कोणी घेतला?

घरात गहू हाताळणारं माणूस एकच होतं.

मी ग्रिलच्या गॅलरीत स्वतःची शेगडी मांडली. स्वतःची भांडी आणली आणि कारखान्यातल्या लाल रंगाने त्यांच्यावर खुणा केल्या. मीठ, तिखट, मोहरी, हिंग, सगळं नवं, सीलबंद, माझं वेगळं. स्वयंपाकघरात पाय ठेवणं सोडलं. पाणीसुद्धा माझं मी भरायचो. जेवायला गॅलरीतच स्टुलावर बसायचो, घराकडे पाठ आणि समोरच्या बिल्डिंगच्या टाकीकडे तोंड करून. आत त्या दोघींच्या गप्पा ऐकू यायच्या. हळूहळू त्यांचा आवाज बारीक होत गेला. मी ऐकतोय म्हणून, की मी नाहीच असं धरून, ते मला कळलं नाही.

एकटं जेवण्याची एक गंमत असते. घास मोठा होतो आणि जेवण पाच मिनिटांत संपतं. मग उरलेला वेळ काय करायचं ते सुचत नाही. पोट दुखलं की मी हिंग घातलेलं ताक प्यायचो. जास्त दुखलं की जास्त हिंग. आईने लहानपणापासून तेच शिकवलेलं.

एका रविवारी दुखणं फारच झालं. मी वाकून बसलो होतो. सुलभा गॅलरीत आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मी तो हात झटकला.

“हात लावू नकोस. तुझ्या हातालाच पीठ असतं. तुझ्यामुळेच होतंय हे सगळं.”

तिने आपले दोन्ही हात पालथे-उताणे करून बघितले, खरंच काही लागलंय का ते. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि त्यानंतर गॅलरीत आली नाही.

मला माहीत होतं की मी चुकतोय. तरी माफी मागितली नाही, कारण पोट दुखत होतं आणि दुखणारा माणूस स्वतःला सगळं माफ असतं असं समजतो. पाच महिने आम्ही कामापुरतं बोललो. “गॅस संपलाय.” “शाळेत मीटिंग आहे.” त्या पाच महिन्यांत मला माझ्या आजाराने जेवढं खाल्लं, त्याहून जास्त त्या शांततेने खाल्लं.

डबा

पुढच्या खेपेला डॉक्टर वैतागून म्हणाले, “आठ दिवस तोंडात काय काय जातं ते सगळं लिहून आणा. गोळी, मीठ, पाणी, सगळं. कंपनीच्या नावासकट.”

हे मात्र माझ्या आवडीचं काम. दुपारी चष्मा लावून वही घेतली आणि गॅलरीतल्या फळीवरचा एकेक डबा उचलून उतरवून घ्यायला लागलो. मीठ झालं. तेल झालं. मग हिंगाची डबी. कंपनीचं नाव लिहिलं. सवयीने डबी फिरवली. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, खाण्याचा डिंक, गव्हाचं पीठ, हिंग.

मी पुन्हा वाचलं. खिडकीशी नेऊन वाचलं. हिंगात पीठ मिसळतात हे माझ्या गावीही नव्हतं. हिंग म्हणजे काही खाणं नव्हे, हिंग म्हणजे औषध. पोट दुखलं की नाभीला लावायचं, ताकात घालायचं. माझी फोडणी, माझं ताक, माझी सीलबंद डबी, माझ्या लाल खुणेच्या भांड्यात. माल मीच आत घेत होतो, रोज, आणि दुखलं की दुप्पट.

मी डबी घेऊन स्टुलावर बसलो. बरं होण्याचा रस्ता सापडला याचा आनंद व्हायला हवा होता. मला फक्त तिचे ते पालथे-उताणे केलेले हात दिसत होते.

संध्याकाळी सुलभा बाजारातून आली. मी डबी तिच्यासमोर धरली. तिने वाचली आणि ओट्यावर ठेवली.

“म्हणजे तुमच्याच डबीत होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“बरं झालं सापडलं.”

“सुलभा, मी तुझ्यावर उगाच…”

ती स्वयंपाकघरातल्या फळीकडे गेली आणि एकेक डबा काढून माझ्यापुढे उघडत गेली. तांदूळ. साबुदाणा. डाळ. पोहे. गव्हाच्या पिठाचा मोठा डबा उघडला. त्यात कांदे होते.

“तुम्ही माझा हात झटकलात ना, त्याच दिवशी पीठ वॉचमनच्या बायकोला देऊन टाकलं. पाच महिने या घरात गहू आलेला नाही. गौरीला चपाती खावीशी वाटली तर ती सावंतांकडे जाते.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुमची पाठच असायची आमच्याकडे.”

आजारपणात जपून राहा, डबीवरचं अक्षर न् अक्षर वाचा, हे मी तुम्हाला सांगीनच. पण घरातल्या माणसाकडे पाठ करून बसू नका, हे त्याच्या आधी सांगेन. मी एकटा पडलो असं मी सगळ्यांना सांगत होतो. एकटी ती पडली होती.

तिघं

हिंग बंद झाला आणि तीन आठवड्यांत पोट शांत झालं. पट्टा एक भोक पुढे आला. दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, “भात चालू करा. थोडा थोडा.” त्या दिवशी मी घरी येऊन शेगडी उचलली, गॅलरी धुऊन काढली, आणि सुलभाला म्हटलं, “आज मी आत जेवतो.”

ती “बरं” म्हणाली. आमचं बोलणं तोवर थोडं सुधारलं होतं, पण थोडंच.

रात्री आत बसायला गेलो तर माझ्या जागेवर गौरीचं दप्तर होतं. तिने ते घाईघाईने उचललं. सुलभाने कुकर उघडला आणि तशीच उभी राहिली. मी डोकावलो. भात दोघींपुरताच होता. तिने मुद्दाम केलं नव्हतं. इतक्या महिन्यांत हाताला तेवढंच माप बसलं होतं.

“असू दे. मला भूक नाही फारशी,” मी म्हटलं.

तिने तीन ताटं घेतली, भाताचे तीन वाटे केले आणि मोठा वाटा माझ्यापुढे सरकवला. वरून आमटी घातली. मी पहिला घास घेतला. गौरी माझ्याकडे बघत होती. सुलभा बघत नव्हती. तिने आपल्या ताटातला भात कालवला आणि खाली मान घालूनच म्हणाली,

“उद्यापासून तिघांचा लावते.”